झांजिबारचा बाजार आणि नाशिकची मुलं

नाशिकच्या माणसाला शरणपूर रोड कुठे आहे हे सांगावं लागत नाही. दुकानं, दवाखाने, ट्रॅफिक, सगळं आहे तिथे. पण त्या नावातलं ‘शरणपूर’ म्हणजे काय, तिथे कोण कुणाला शरण आलं होतं, हा प्रश्न मला कित्येक वेळा त्या रस्त्याने जाऊनही कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर मिळालं ते थेट आफ्रिकेत, मोंबासाला, आणि तेही एका घंटेपाशी.

मोंबासा हे केनियाचं बंदर एका बेटावर वसलेलं आहे. न्यालीचा पूल ओलांडून उत्तरेला मुख्य भूमीवर आलं की थोड्याच अंतरावर एक गजबजलेला चौक लागतो. त्या भागाला ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, आणि केंगेलेनी म्हणजे ‘घंटेपाशी’. (आपल्याकडे ‘वडापाशी उतरा’ म्हणतात ना, तसंच.) रस्त्यालगत एक छोटासा मनोरा आहे, त्यात ती घंटा. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ती बडवत असत, असं तिथले लोक सांगतात. वस्तीचं नाव फ्रियरटाउन.

मी तिथे कामानिमित्त काही आठवडे होतो. रोज ने-आण करणाऱ्या ड्रायव्हरला मी मुंबईकडचा आहे हे कळलं तेव्हा तो सहज म्हणाला, “मग इथले जुने लोक तुमच्याकडूनच आलेत. बॉम्बे आफ्रिकन्स म्हणायचे त्यांना.” मला वाटलं गडी काहीतरी घोळ करतोय. आफ्रिकेतून हिंदुस्थानात आलेले सिद्दी आपल्याला माहीत असतात, पण हिंदुस्थानातून आफ्रिकेत गेलेले आफ्रिकन? नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की घोळ माझाच होता. हे लोक खरोखरच आपल्याकडून गेले होते. आणि मुंबईहूनही नाही, तर नाशिकच्या शरणपुरातून.

ही गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

गुलामांचा व्यापार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अटलांटिक महासागर. पश्चिम आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून अमेरिकेतल्या ऊस-कापसाच्या मळ्यांवर नेत. ज्या इंग्लंडने या धंद्यात अमाप पैसा केला त्याच इंग्लंडने १८०७ साली कायदा करून आपल्या लोकांना तो बंद केला आणि मग इतरांची जहाजं अडवण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर आरमार ठेवलं. १८०८ ते १८६७ या काळात या आरमाराने सुमारे १६०० जहाजं पकडली आणि सुमारे दीड लाख माणसं सोडवली, असं मानलं जातं. आकडा मोठा आहे, पण त्याच काळात त्यांच्या हातून निसटून पलीकडे गेलेल्यांचा आकडा याच्या कितीतरी पट आहे.

आफ्रिकेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूला, मात्र हा धंदा १९व्या शतकात कमी व्हायचा सोडून वाढत होता. त्याचं केंद्र होतं झांजिबार.

ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४०च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून झांजिबारला हलवली. झांजिबार आणि शेजारचं पेंबा या बेटांवर लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या. लवंगेची कळी हाताने, अगदी नेमक्या वेळेला खुडावी लागते. माणसं लागतात, पुष्कळ लागतात. ही माणसं यायची आजच्या मलावी-टांझानियाच्या बाजूने, न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून. गावावर धाड पडायची किंवा दोन टोळ्यांच्या भांडणात कैदी मिळायचे. मग शेकडो मैल चालत किलवा बंदरापर्यंत तांडा यायचा. वाटेत किती मेले याचा हिशेब कुणी ठेवत नसे. किलव्याहून गलबताने झांजिबार, तिथे जकात भरायची, बाजारात विक्री, आणि मग काही बागांत, तर काही पुढे अरबस्तान, इराणच्या आखाताकडे. १८६०च्या दशकात वर्षाला १५ ते २० हजार माणसं या वाटेने जात असावीत असा त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

आता ही जकात कोण गोळा करत होतं? इथे आपण जरा खुर्चीत सरळ बसावं. झांजिबारच्या जकातीचा इजारा कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. सुलतानाला दरसाल ठरलेली रक्कम द्यायची आणि बंदरातली जकात आपण वसूल करायची. हस्तिदंतावर जकात, लवंगेवर जकात, आणि माणसांवरही जकात. आतल्या मुलखात तांडे घेऊन जाणाऱ्या अरब व्यापाऱ्यांना कापड, मणी आणि उधारी पुरवणारे सावकारही बहुतेक आपलेच, कच्छ-काठेवाडचे. त्यातले फार थोडे स्वतः गुलाम पकडायला गेले असतील. पण भांडवल त्यांचं होतं, आणि कर्ज फिटलं नाही तर बाग तारण म्हणून ताब्यात यायची, तीही त्यावरच्या गुलामांसकट.

हे लोक इंग्रजांची प्रजा (किंवा इंग्रजांच्या आश्रयाखालच्या संस्थानांची). हिंदुस्थानात १८४३च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. मग झांजिबारमधल्या हिंदी माणसाला गुलाम बाळगता येतील का? मुंबईच्या फौजेतला रिग्बी नावाचा अधिकारी १८५८ साली तिथे कॉन्सल म्हणून गेला. त्याने ‘नाही’ असं ठणकावून सांगितलं आणि हिंदी व्यापाऱ्यांकडचे हजारो गुलाम मोकळे केले. तो गेल्यावर मात्र पुन्हा ढिलाई आली.

इंग्रजांनी सुलतानाशी तहही केले होते. १८२२च्या तहाने ख्रिस्ती राष्ट्रांना गुलाम विकायला बंदी आली. १८४५च्या तहाने (अंमल १८४७पासून) आफ्रिकेतून अरबस्तानात गुलाम न्यायला बंदी झाली. कागदावर पाहिलं तर काम झालं. पण त्या दुसऱ्या तहात एक भोक ठेवलं होतं. सुलतानाच्या स्वतःच्या आफ्रिकेतल्या मुलखात, म्हणजे दक्षिणेला किलवा ते उत्तरेला लामू या पट्ट्यात, गुलामांची ने-आण कायदेशीर राहिली. आमच्या धंद्यात आम्ही पाइपलाइन तपासतो तेव्हा पहिल्यांदा बायपास शोधतो. हा बायपास तर नकाशावरच काढलेला होता! व्यापारी रीतसर परवाना घेऊन माणसं लामूपर्यंत आणायचा, नैर्ऋत्येचे मोसमी वारे सुरू व्हायची वाट बघायचा, आणि एकदा वारा शिडात भरला की आठ-पंधरा दिवसांत अरबस्तानचा किनारा.

इंग्रज आरमाराची मूठभर जहाजं एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर ही गलबतं पकडायचा प्रयत्न करत. खलाशांना सोडवलेल्या दर माणसामागे आणि पकडलेल्या गलबताच्या टनांमागे बक्षीस मिळे. बक्षीस आलं की त्याच्याबरोबर जे यायचं तेही आलं. लवंग-नारळ नेणारी निरुपद्रवी गलबतंसुद्धा ‘गुलामांची’ म्हणून जाळली गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्यातल्या काही खऱ्याही होत्या.

पण माझ्या मते खरा प्रश्न याच्या पुढचा होता. समजा, गलबत पकडलं आणि त्यातून शंभर माणसं सोडवली, निम्मी लहान मुलं. आता त्यांचं काय करायचं?

पहिलं उत्तर सुचतं ते ‘घरी पाठवा’. पण घर कुठे होतं? गाव जळालेलं, आईबाप मेलेले किंवा विकलेले, आणि मधे शेकडो मैलांची तीच वाट जिच्यावर पकडणारे फिरत होते. किनाऱ्यावर सोडलं तर आठवड्याभरात पुन्हा बाजारात. म्हणून आरमार या माणसांना एडन, सेशेल्स आणि मुंबई इथे नेऊन उतरवत असे. म्हणजे आफ्रिकेत मिळालेलं स्वातंत्र्य उपभोगायचं तर आफ्रिका सोडूनच जावं लागे.

आणि इथे आपलं शरणपूर येतं. चर्च मिशनरी सोसायटीचा विल्यम सॉल्टर प्राइस नावाचा पाद्री नाशिकला होता. त्याने १८५४ साली नाशिकच्या बाहेर ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी एक वस्ती वसवली, तिला नाव दिलं शरणपूर. पुढे मुंबईत उतरवलेली आफ्रिकन मुलंही तिथे पाठवायला सुरुवात झाली आणि तिथे त्यांच्यासाठी आफ्रिकन आश्रम उभा राहिला. मुलांना अक्षरओळख, बायबल आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदे शिकवत. बाप्तिस्मा देताना नावं मिळाली ती अस्सल इंग्रजी: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स. मूळची नावं बहुतेकांची कायमची गेली. न्यासाकाठी जन्म, गलबतात बालपण, गोदाकाठी शिक्षण आणि इंग्रजी नाव. आज आपल्या मुलांची ‘आयडेंटिटी क्रायसिस’ म्हणून आपण किती चर्चा करतो!

या मुलांची आणि जगाच्या इतिहासाची गाठ पडली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. हा स्कॉटिश मिशनरी-डॉक्टर-प्रवासी १८६५ साली मुंबईत आपल्या शेवटच्या सफरीची तयारी करत होता. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा सर बार्टल फ्रियर. साताऱ्याच्या लोकांना हे नाव आणखी जुनं. १८४८ साली सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा करायचं ठरवलं तेव्हा तिथला रेसिडेंट हाच होता. त्याने खालसा करायला विरोध केला होता, आणि तो मानला गेला नाही तेव्हा कमिशनर म्हणून तिथलाच कारभारही पाहिला होता. फ्रियरच्या मदतीने लिव्हिंग्स्टनने माणसं जमवली. त्यांत नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं होती. १८६६च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून निघून झांजिबारला गेली.

लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत या मुलांबद्दल भरपूर कुरबुर केली आहे. आळशी आहेत, ऐकत नाहीत वगैरे. पण त्याच रोजनिशीत एक प्रसंग आहे. आतल्या मुलखात एका मोठ्या गावी यातल्या अब्राहम नावाच्या मुलाला त्याच्या सख्ख्या मामा-काकांपैकी कुणीतरी ओळखलं. वर्षानुवर्षांनी भेट! पण त्या भेटीत त्याला कळलं की तो पकडला गेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. नातेवाइकांनी त्याला राहा म्हणून आग्रह केला, गावच्या सरदाराने केला, लिव्हिंग्स्टननेही समजावलं. मुलगा एकच सांगत राहिला, की जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू? आणि तो पुढे चालू लागला. ‘सोडवलेल्यांना घरी का नाही पाठवलं’ या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

पुढची पाच वर्षं लिव्हिंग्स्टन जगाच्या दृष्टीने हरवलेलाच होता. १५ जुलै १८७१ या दिवशी काँगोतल्या न्यांग्वे गावी, भरलेल्या बाजारात, झांजिबारकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी बंदुका चालवल्या. तीन-चारशे माणसं, बहुतेक बायका, गोळ्यांनी किंवा नदीत बुडून मेली. लिव्हिंग्स्टनने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅन्ली हा वार्ताहर त्याला उजिजीला भेटला आणि ही हकीकत बाहेरच्या जगापर्यंत पोचली. इंग्लंडमध्ये खळबळ माजली, सभा झाल्या, आणि सरकारने झांजिबारच्या सुलतानाकडे एक खास शिष्टमंडळ पाठवायचं ठरवलं. प्रमुख म्हणून नेमलं बार्टल फ्रियरला.

जानेवारी १८७३मध्ये फ्रियर झांजिबारला पोचला. बरोबर कच्छचे माजी दिवाण काझी शहाबुद्दीन होते. ही निवड मुद्दाम केलेली होती, कारण पटवायचं होतं ते सुलतानाइतकंच कच्छी सावकारांनाही. कच्छच्या रावांनीही जाहीरनामा काढून झांजिबारमधल्या आपल्या प्रजेला या धंद्यापासून दूर राहायला बजावलं होतं.

गादीवर होता सुलतान बरगश. आता योगायोग बघा. हा बरगश तरुणपणी भावाविरुद्ध बंड करून फसला, तेव्हा इंग्रजांनी त्याला हद्दपार करून ठेवलं होतं ते मुंबईत! मुंबईची भरभराट, तिथले कारखाने, तिथली शिस्त त्याने पाहिलेली होती. इंग्रज काय करू शकतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही त्याने फ्रियरला नकार दिला. त्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आदल्या वर्षी, एप्रिल १८७२मध्ये, झांजिबारवर भयंकर चक्रीवादळ आलं होतं. लवंगेच्या बागा आडव्या झाल्या, त्याचं आरमार बुडालं. त्यात जकातीचं हे उत्पन्न बंद केलं तर तिजोरीत काय येणार? आणि बागाईतदार अरब सरदार त्याला गादीवर राहू देतील का? गुलामगिरी वाईट की चांगली यावर तो वाद घालत नव्हताच. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की हे ओझं माझ्याच डोक्यावर का, आणि आत्ताच का?

फ्रियर मार्चमध्ये हात हलवत निघाला. (मस्कतच्या सुलतानाची सही मात्र त्याने एप्रिलमध्ये मिळवली.) पण लंडनहून झांजिबारचा कॉन्सल जॉन कर्क याला हुकूम आला, की सुलतान ऐकत नसेल तर बेटाची नाकेबंदी करू असं त्याला सांगा. बेटावर धान्य बाहेरून यायचं. बरगशला हिशेब कळत होता. ५ जून १८७३ रोजी त्याने सही केली. समुद्रातून गुलामांची ने-आण पूर्ण बंद, गुलामांचे बाजार बंद, आणि इंग्रजांच्या आश्रयाखालच्या हिंदी लोकांना गुलाम बाळगायला बंदी. झांजिबारचा बाजार बंद झाला तो कायमचा. त्याच जागेवर त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कॅथीड्रलची पायाभरणी झाली. आजही ते उभं आहे. त्याला लागून असलेली थोडी जागा एका हिंदू व्यापाऱ्याने दान दिली होती, हेही नमूद करायला हवं. जमाखर्चात दोन्ही बाजू लिहाव्यात.

ज्याच्या पत्रांनी हे सगळं घडवलं त्या लिव्हिंग्स्टनला मात्र हे कधीच कळलं नाही. सहीच्या पाच आठवडे आधी, १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी तो वारला होता. त्याच्याजवळ होते सुसी आणि चुमा हे जुने सोबती (दोघेही काही काळ मुंबईत राहिलेले), आणि १८७२ साली मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीतली नाशिकची मुलं. त्यांनी आपापसात ठरवलं की साहेबाला त्याच्या देशात पोचवायचं. त्यांना असं सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. नाशिकच्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत आणि कापडात गुंडाळलेला तो देह घेऊन ही माणसं हजार मैलांहून अधिक चालली. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरून टाका असं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलाम म्हणून पकडलेला आणि नाशिकला शिकलेला मुलगा, इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या देवळात. तिथल्या शिळेवर विश्वासू हातांनी हा देह इथवर आणला असा उल्लेख आहे. ते हात कुणाचे, ती नावं मात्र त्या दगडावर नाहीत.

सही झाली म्हणून व्यापार संपला का? अजिबात नाही. समुद्र बंद झाल्यावर तांडे जमिनीवरून किनाऱ्याकाठाने उत्तरेला जाऊ लागले. पुन्हा बायपास! १८७६ साली बरगशकडून जाहीरनामे काढवून तोही बंद करावा लागला. ‘लंडन’ नावाची एक जुनी युद्धनौका झांजिबारच्या बंदरात कायमची नांगरून ठेवली आणि तिच्या छोट्या होड्या गस्त घालू लागल्या. १८८१ साली तिचाच कप्तान ब्राउनरिग एका गलबताची तपासणी करताना मारला गेला. म्हणजे सहीनंतर आठ वर्षांनीही धंदा माणूस मारण्याइतका किफायतशीर होता.

आणि तो जुना प्रश्न होताच: सोडवलेल्यांचं काय? फ्रियरने यावर विचार केला होता. त्याचं म्हणणं, ही माणसं मुंबईला नेण्याऐवजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच त्यांची वस्ती करावी, आणि ती चालवायला शरणपूरची शिकलेली माणसं वापरावीत. तसंच झालं. १८७५ साली मोंबासासमोर जमीन घेऊन वसाहत उभी राहिली, तिचं नाव फ्रियरटाउन. उभारायला आला तोच शरणपूरचा प्राइस. नाशिकची आफ्रिकन मंडळी बायकापोरांसह तिकडे गेली, आणि शरणपूरचा आफ्रिकन आश्रम बंद झाला.

म्हणजे ज्यांना एकदा सोडवलं होतं तेच आता सोडवलेल्यांना सांभाळणारे झाले. आरमाराने आणून सोडलेल्या, भाषा न कळणाऱ्या, घाबरलेल्या पोरांना घर बांधायला, जमीन कसायला, वाचायला शिकवलं ते या बॉम्बे आफ्रिकन लोकांनी. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे दोघे नाशिकचे विद्यार्थी १८८५ साली पाद्री झाले. केनियातले पहिले आफ्रिकन पाद्री ते हेच. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५पर्यंत मोंबासात हयात होता. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतला तो शेवटचा.

हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. फ्रियरटाउनच्या एका गोऱ्या प्रमुखाने वस्तीतल्या लोकांना फटके मारल्याच्या तक्रारी झाल्या आणि चौकशी बसली. शिकलेल्या आफ्रिकन लोकांना कामं मोठी आणि मान लहान, हेही होतंच. दुसरीकडे मोंबासाचे मालक चिडलेले, कारण त्यांचे गुलाम पळून शेजारच्या रबाई गावी मिशनच्या आसऱ्याला येऊ लागले होते. तिथे जोन्सचा मोठा आधार होता. शेवटी इंग्रज कंपनीने मालकांना पैसे दिले आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला सुमारे १४०० लोकांना मुक्ततेचे कागद वाटले. पैसे कुणाला मिळाले ते लक्षात घ्या. मालकांना. ज्यांनी फुकट राबून दिलं त्यांना कागद.

आणखी एक गोष्ट. ‘गुलामांचा व्यापार बंद करायला’ म्हणून युरोपचे लोक जे आत शिरले ते तिथेच बसले. १८८५ला जर्मन आले, १८९०ला झांजिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेलं. बरगशची भीती तशी खोटी नव्हती. खुद्द फ्रियर पुढे दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर होऊन गेला, आणि १८७९चं झुलू युद्ध पेटवण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणून त्याला देव करायचं कारण नाही, आणि त्याने केलेलं काम पुसायचंही नाही. आणि व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी चालूच होती. झांजिबारमध्ये तिची कायदेशीर मान्यता गेली १८९७ साली. त्यातही जनान्यातल्या बायका वगळल्या होत्या, त्यांची पाळी १९०९ला आली. केनियाच्या किनाऱ्यावर १९०७. ‘५ जून १८७३’ ही तारीख पुस्तकात पाठ करायला सोपी, पण पहिल्या तहापासून मोजलं तर हे काम ८७ वर्षं चाललं.

आपण हिंदी लोक ही गोष्ट ऐकताना सहसा प्रेक्षकात बसतो. गोऱ्यांनी पाप केलं, गोऱ्यांनीच प्रायश्चित्त घेतलं, आपला काय संबंध? संबंध आहे. झांजिबारच्या जकात नाक्यावर डोकी मोजणारा कारकून आपल्याकडचा होता आणि तांड्याला उधारी देणारी पेढीही आपल्याकडची होती. (आणि पेशवाईतल्या कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आपल्याच दप्तरांत आहेत, तेव्हा फक्त कच्छकडे बोट दाखवून मराठी माणसाची सुटका होत नाही.) पण गोष्टीच्या दुसऱ्या टोकालाही आपली एक जागा आहे. गोदावरीकाठची एक छोटी वस्ती, जिथे गलबतातून काढलेली पोरं करवत आणि ऐरण चालवायला शिकली, आणि मग समुद्र ओलांडून त्यांनी दुसऱ्यांसाठी घरं बांधली. ते काम मिशनचं होतं हे खरं. पण माती नाशिकची होती, आणि नाव तर शुद्ध मराठी.

मोंबासा सोडायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा त्या घंटेपाशी गेलो होतो. आजूबाजूला मटाटूवाले प्रवाशांना हाका मारत होते, शाळेची पोरं दप्तरं उडवत चालली होती. कुणाचंच त्या घंटेकडे लक्ष नव्हतं. ती वाजवायची वेळ आता येत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे.

पुढच्या वेळी नाशिकला गेलात आणि शरणपूर रोडच्या सिग्नलला अडकलात, तर हॉर्न वाजवण्याआधी त्या अब्राहमची एकदा आठवण काढा. त्याच्या आईचा आणि बहिणींचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. आणि शरणपूर हे नाव निदान त्याच्यापुरतं तरी खरं होतं.